बर्फाचा हिशेब

जुलैचा दुसरा शनिवार. अजून अकरा दिवस.
लोवेलनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलाय,
चार कोपऱ्यांवर वजनाला : मिठाची बाटली, त्याच्या हृदयाच्या गोळ्या,
माझा कॉफीचा मग, आणि एक लिंबू.

बाहेर पारा एकशेआठ.
माणसाला एवढा चढला असता तर डॉक्टर बोलावला असता.
मेंडोसिनोच्या डोंगरांना कोण बोलावतंय.
गवत मे महिन्यातच वाळलं,
आता पाऊल टाकलं की
कुणी जुनं पत्र फाडतंय असा आवाज.

"शेवटची साठ पावलं बूट काढून. नुसत्या मोज्यांवर."
आणि साप?
"दुपारी सापालाही सावलीच हवी असते.
सावलीत बसताना आधी बघ, म्हणजे झालं."

चाळीस वर्षं तो हा कडा चढला.
यंदा डॉक्टरीणबाईंनी नुसतीच मान हलवली
आणि परवाना माझ्या नावावर आला.
त्याचा मुलगा, माझा नवरा, उत्तरेला वणवा विझवतोय;
तो धूर इकडे वळला तर जंगल बंद,
मग हा नकाशा, ही दुपार, सगळंच गुंडाळायचं.

पहाटे वारा उतरतो. त्याचं बोट घळीघळीनं खाली येतं.
साडेआठच्या सुमारास थबकतो,
मग ऊन लागलं की उलटा चढू लागतो.
"मधली दहा मिनिटं तो कुणाचाच नसतो.
तेव्हा हलू नकोस."
टाल्कम पावडरची छोटी बाटली माझ्याकडे सरकवतो,
बाळाच्या अंगाला यावा तसा वास.

काळ्या शेपटीचा नर उन्हाळ्यात कुठं बसतो?
उत्तरेच्या उतारावर, ओकखाली, जिथून खालचं सगळं दिसतं.
पाण्यावर कधी येतो?
"त्याला विचार."

धनुष्य गाडीत ठेवायचं नाही, पिसांचा डिंक सुटतो.
मिरपूड घ्यायची, माश्यांसाठी.
सुती पिशव्या सहा. सुऱ्या दोन.
आणि बर्फ :
दुधाचे रिकामे कॅन, पाणी भरून गोठवलेले, चौदा.
फाटकापासून झऱ्यापर्यंत अडीच मैल.
अर्ध्या तासात कातडं उतरलं पाहिजे,
कारण मांस आधी हाडापाशी नासतं,
मांडीच्या आत, जिथं बोट पोचत नाही.
तो कागदावर तास मांडतो, वजा करतो, पुन्हा मांडतो,
दुकानदार उधारी मांडतो तसा.

"दहानंतर बाण सोडायचा नाही."
आणि वीस पावलांवर आडवा उभा असला तर?
"तर बघायचं."
शिंगांवर मखमल असली तर?
"तर आणखी बघायचं."

पंखा फिरतोय. तो लिंबू हातात घेतो, परत ठेवतो.
"एका वर्षी मी अकरा वाजता सोडला होता.
माग धरत गेलो. उजेड संपला.
दुसऱ्या दिवशी आधी वास सापडला, मग हरीण.
अर्माला सांगितलं, नेम चुकला."
अर्मा जाऊन सहा वर्षं झाली.
मी नकाशावरच्या झऱ्याकडे बघत राहिले,
एक निळा टिंब, पेन्सिलनं दोनदा गोल केलेला.

चौदा कॅन फ्रीझरमध्ये मावेनात.
तळाशी एक पुडकं निघालं,
त्याच्या अक्षरात : मागची मांडी, डावी. गेल्या सालची.
आता ते बाहेर, बर्फ आत.

रात्री ते भाजलं, कांदा घालून.
तो सावकाश चावतो, डाव्याच बाजूनं, उजवीकडे दात नाहीत.
"जरा कोरडं झालंय," म्हणत
टेबलावरचं लिंबू उचलतो, कापतो, पिळतो,
आणि मोकळा झालेला नकाशाचा कोपरा
हळूच गुंडाळत
झऱ्यापर्यंत येऊन थांबतो.